‘दिवाळीला येतो, तोवर थांबा’ म्हणण्याआधी

जुळे सोलापुरात काय, होटगी रोडला काय, आता असं घर शोधावं लागत नाही: पोरं पुण्याला, बंगळुरूला, नाहीतर इकडे जर्मनीत, आणि त्यांनी हट्टानं आणलेलं कुत्रं आईबाबांपाशी. बारा-तेरा वर्षांनी त्याची किडनी जाते, हृदय थकतं, नाहीतर गाठ वाढते. मग दयामरणाचा, म्हणजे इंजेक्शन देऊन त्याला वेदनेतून सोडवण्याचा, विषय निघतो, आणि व्हिडिओ कॉलवर ठरलेलं वाक्य येतं, ‘दिवाळीला येतोच आहे, तोवर थांबा.’ हे वाक्य परदेशातल्या पोरांनी म्हणू नये, आणि म्हटलं तरी घरच्यांनी ऐकू नये. रात्री दोनला उठून त्याची कूस बदलणाऱ्याला जे दिसतं, ते फोनच्या पडद्यावर दिसत नाही. मालकाचा आवाज ऐकून दुखणाऱ्या अंगानंही कुत्रं शेपूट हलवतं, वेदनेतही मांजर गुरगुरतं. तेवढ्यावरून ‘अजून बरा आहे की’ म्हणणं चुकीचं.

जर्मनीत जनावराच्या दयामरणाला रोजच्या बोलण्यात ‘आइनश्लेफर्न’ म्हणतात, म्हणजे झोपी लावणं. शब्द मऊ असला तरी कायदा कडक आहे. १९७२ च्या प्राणी संरक्षण कायद्यानुसार सबळ कारणाशिवाय जनावराला मारणं हा गुन्हा आहे. त्यामुळे केवळ मालक म्हणतो म्हणून डॉक्टर इंजेक्शन देत नाहीत. दुखणं किती आहे आणि उपाय उरलाय का, हे आधी बघतात. आपल्याकडे अडचण बहुतेक उलटी असते. ‘आपण जीव घेणारे कोण’ म्हणत घर थांबतं आणि शेवट मध्यरात्री, धाप लागून, दवाखाना बंद असताना होतो. तो प्रश्न खोटा नाही, पण जनावर किती सोसतंय हेही त्याच्यासोबत विचारायला हवं.

ठरवायला आधार लागतो. डॉ. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकेतल्या पशू-कर्करोगतज्ज्ञांनी सात गोष्टींचं मोजमाप दिलं आहे: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला ० ते १० गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर सेवा चालू ठेवायला जागा आहे. श्वासाचा त्रास वेदनेतच धरतात, आणि त्याला सगळ्यात जास्त वजन. घरातल्या दोघांनी वेगवेगळे गुण द्यावेत, एकमेकांचं न बघता. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चांगल्या दिवसाला टिक, वाईट दिवसाला फुली मारावी. दोन आठवड्यांत फुल्या जास्त झाल्या की डॉक्टरांशी तारखेचं बोलावं.

श्वास मोजायला शिकाच. गाढ झोपेत छाती ३० सेकंदांत किती वेळा वर येते ते मोजून दुप्पट करायचं. ३० च्या आत ठीक. हृदयाच्या रुग्णात पुन्हा पुन्हा ३० च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात जागं कुत्रं धापा टाकणारच, म्हणून पहाटे, थंड फरशीवर झोपलेलं असताना मोजा. हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर दिसल्या तर मोजत बसू नका, निघा.

पाणी कमी पडलंय का बघायला मानेवरची कातडी चिमटीत धरतात. म्हाताऱ्या, रोडावलेल्या जनावरात ती तशीही सावकाशच खाली बसते, म्हणून हिरडीला बोट लावून ती चिकट लागते का बघा. वजनासाठी त्याला कडेवर घेऊन काट्यावर उभं राहा आणि आपलं वजन वजा करा. दहा किलोचं कुत्रं साडेआठवर आलं, म्हणजे पंधरा टक्के गेलं. पडून राहणाऱ्याची कूस दर चार तासांनी बदला, मागचे केस कापून ठेवा. लघवीनं ओल्या कातडीला जखम होते, माशा बसतात आणि एक-दोन दिवसांत अळ्या पडतात.

एक गोष्ट मात्र आधी करून बघा. डॉक्टरांना विचारून तीन-चार दिवस नीट वेदनाशामक द्या. उठून अंगणात गेलं, भाकरीचा वास घेत आलं, तर वेळ आलेली नाही. घरातली गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलनं मांजर मरतं, आयब्युप्रोफेननं कुत्र्याचं पोट आणि किडनी जाते.

तारीख ठरली की डॉक्टरांना एकच प्रश्न स्पष्ट विचारा, ‘आधी पूर्ण भूल देणार ना?’ आधी गुंगीचं इंजेक्शन, मग शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस, हा योग्य क्रम. शुद्धीत असताना थेट मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम देणं क्रूर आहे, त्याला ठाम नाही म्हणा. अंगात पाणी कमी असलं की शीर सापडत नाही आणि टोचाटोची होते, म्हणून सुई आधीच लावून घ्या. गुंगीच्या औषधानं कधी उलटी होते. डोळे मिटत नाहीत, लघवी होते, आणि हृदय थांबल्यावरही एखादा खोल श्वास येऊ शकतो. तो शरीराचा झटका असतो, जनावर जागं झालेलं नसतं. हे लहान मुलांना आधी सांगून ठेवा. खाली प्लॅस्टिक, त्यावर त्याच्या रोजच्या वासाची जुनी सोलापुरी चादर अंथरा.

खड्ड्याची सोय आदल्या दिवशीच करा, उन्हात देह थांबत नाही. चार फूट तरी खोल हवा, विहीर-बोअरपासून लांब. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, उथळ खड्डा उघडा पडतो. औषध देहात राहतं, तो देह उकरून खाणारं कुत्रं, घार, नान्नजकडच्या माळावरचा लांडगा, सगळ्यांना विषबाधा होऊ शकते. प्लॅस्टिक काढून फक्त सुती कापडात गुंडाळा, वर मोठे दगड रचा.

परदेशातल्या पोरानं त्या सकाळी फोन लावावा, पण कॅमेरा जनावराच्या तोंडासमोर नको. फोन चादरीच्या कडेला, कानाजवळ ठेवायचा आणि त्याचं नाव घेत राहायचं, गुंगी चढेपर्यंत.