अर्धा लिटर ॲसिटोन आणि लेटरहेड

आजीच्या डब्यातले अकरा राजाछाप रुपये मीच हौसेने प्लास्टिकच्या अल्बममध्ये भरले होते. दोन पावसाळ्यांत पंचम जॉर्जच्या दाढीत हिरवट, चिकट काहीतरी साचलं. दोष चांदीचा नव्हता. अल्बमच्या मऊ पीव्हीसी प्लास्टिकमधून पाझरतं ते हे. आई म्हणाली, "चिंच लाव, नाहीतर पितांबरी." मी डबा उचलून कपाटात ठेवला. पावडरीने घासलं की बारीक ओरखडे उठतात, ते मग कशानेच जात नाहीत.

यावर उपाय शुद्ध ॲसिटोन, म्हणजे हा चिकटा विरघळवणारं रसायन, एवढं मला माहीत होतं. ते मिळवायला तीन आठवडे लागतील हे नव्हतं. मेडिकलवाल्याने नेलपॉलिश रिमूव्हर पुढे केलं, "तेच असतं हो." नसतं, त्यात वास आणि तेल घातलेलं असतं. हार्डवेअरच्या दुकानात थिनर. शेवटी पेठेतलं केमिकलचं दुकान गाठलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "लेटरहेड?" म्हटलं, घरी जुनी नाणी धुवायची आहेत. "मग कॉलेजचं पत्र आणा." मला कॉलेज सोडून बावीस वर्षं झाली! पुढच्या शनिवारी गेले तर जीएसटी नंबर. त्याच्या पुढच्या शनिवारी मालक स्वतः होते. "कशाला हवंय? नाणी? मग आधी सांगायचं ना मॅडम," म्हणत त्यांनी अर्ध्या लिटरची बाटली कागदात गुंडाळून दिली. तो मुलगा शेजारीच उभा होता.

बाकी काम एका दुपारचं. गॅलरीत बसले, कारण ॲसिटोन झटकन पेट घेतं. काचेच्या वाटीत एकेक नाणं दहा मिनिटं, मग दुसऱ्या वाटीत ताज्या ॲसिटोनमध्ये, मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये. सुती कापडाने फक्त टिपायचं, पुसायचं नाही. हिरवं सुटलं आणि राजाच्या झग्यावरचा इवलासा हत्ती दिसला. १९११ सालच्या रुपयावर हाच हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली होती. माझे सगळे नंतरचे, हत्ती नीट सोंडेचा.

१९१६ च्या एका नाण्यावर हिरव्याखाली खड्डे निघाले, ते राहिले. काळपटपणा ॲसिटोनने जात नाही, घालवूही नका. संग्राहकांना तोच हवा असतो. हो, वाटी प्लास्टिकची नको, माझं एक झाकण विरघळलं. नाणी आता मायलरच्या, म्हणजे पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकच्या, पाकिटांत आहेत. उरलेली बाटली गॅसपासून लांब, बूच घट्ट लावून ठेवली आहे. पुन्हा ते पत्र मागतील.