आमची वाटचाल : पाटीवर अजून रेडिएटरच

आमच्या गॅरेजच्या पाटीवर आजही 'रेडिएटर रिपेअर' एवढंच लिहिलेलं आहे. एसी, फॅनचं वायरिंग, इंजिन बदललेल्या गाड्यांचं कूलिंग ही सगळी कामं आत होतात, पण पाटी बदलली नाही. मुद्दामच. ज्या शब्दावरून आमची बदनामी झाली तोच शब्द समोर राहू दे, असं ठरवलं होतं.

सुरुवात पितळी टाक्यांच्या आणि तांब्याच्या कोअरच्या (मधल्या बारीक नळ्यांच्या जाळीच्या) काळातली. टाकी उकलायची, प्रत्येक नळीत पट्टी सरकवून क्षार काढायचा, डाख द्यायचा, मग हवा भरून हौदात बुडवायचं आणि बुडबुडा कुठून येतो ते बघायचं. पुढे अ‍ॅल्युमिनियमचे कोअर आणि प्लास्टिकच्या टाक्या आल्या. त्यावर डाख बसत नाही. धंद्यातल्या कितीतरी जणांनी तिथेच शटर ओढलं. आम्ही टिकलो, कारण भागीदार एसीवाला होता.

त्याच्याबद्दल लिहायलाच हवं. माणूस कमी बोलायचा, पण त्याचा गेज सेट, म्हणजे एसीच्या गॅसचा दाब मोजायचे काटे, कुणी हातात घेतलेला त्याला खपत नसे. निळा होज लो साइडला, म्हणजे कमी दाबाच्या बाजूला, लाल हाय साइडला, म्हणजे जास्त दाबाच्या. काम झालं की पुसून, टोपणं लावून पेटीत. ओझोन वाचवण्याच्या १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर एसीतला आर-१२ गॅस हळूहळू हद्दपार झाला आणि आर-१३४ए आला, तेव्हा लोक जुन्या गाड्यांत सर्रास नवा गॅस कोंबत होते. हा तेव्हापासून सांगायचा, "जुन्या कंडेन्सरवर हा गॅस जास्त प्रेशर घेतो. आधी पंखा सुधारा, मग गॅस भरा." कोण ऐकतंय? (कंडेन्सर म्हणजे रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी, गॅसची उष्णता ती बाहेर टाकते.)

आता ती गाडी. इंजिन बदललेलं, मूळच्यापेक्षा मोठं. पुढे जागाच उरली नाही, म्हणून इंजिनावर फिरणारा पंखा काढून इलेक्ट्रिक फॅन बसवलेला. तो रेडिएटरच्या मागेही मावेना, म्हणून पुढे, कंडेन्सरच्याही पुढे लावला. हे सगळं काम दुसऱ्या एका गॅरेजचं. नाव लिहीत नाही. आमच्या धंद्यातल्यांना ते सांगावं लागणार नाही. एसी बंद असला की गाडी ठीक. एसी लावला की तापमानाचा काटा वर. त्यांनी निदान केलं, 'रेडिएटर लहान पडतो', आणि आमच्याकडे नळ्यांच्या तीन ओळी असलेल्या कोअरची ऑर्डर आली. मी विचारलं होतं, फॅन तपासला का? उत्तर आलं, "तुम्ही फक्त रेडिएटर बनवा."

बनवला. गाडी तापायची ती तापतच राहिली. मग त्यांनी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, काढून टाकला. (हे करू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासचं तोंड बंद करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं.) तरी फरक नाही म्हटल्यावर गावभर एकच वाक्य फिरलं: यांचे कोअर भिकार आहेत. ज्यांच्या व्हॅन आम्ही वर्षानुवर्षं सांभाळल्या, त्यांनी फोन उचलणं बंद केलं. कोअरचा माल उधारीवर आणलेला, त्याचे पैसे मागणारे दारात. हाताखालचा चांगला पोरगाही त्याच गॅरेजने उचलला. भागीदाराला दुसरीकडून बोलावणं होतं. तो गेला नाही. एवढंच म्हणाला, "ती गाडी आण. एकदा आपल्या दारात आण."

गाडीमालक भला माणूस, त्याने चावी दिली.

आधी स्कॅनर लावून डॅशवरचा काटा खरं बोलतोय ना ते बघितलं. मॉडिफाय केलेल्या गाड्यांत सेन्सरची अर्थिंगची वायर ढिली असली की काटा उगाच चढतो. इथे ताप खरा होता. मग हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधल्या सीलचा, संशय: रेडिएटरच्या तोंडावर टेस्टरची नळी, आत निळं द्रव. इंजिनातला धूर पाण्यात येत असेल तर ते पिवळं पडतं. निळंच राहिलं. मग टेम्परेचर गन. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर ही गन खोटं दाखवते, म्हणून कोअरवर काळ्या टेपचे तुकडे चिकटवले आणि एकेक बिंदू मोजला. नळ्या चोंदल्या असतील तर मध्ये थंड डाग मिळतात. एकही मिळाला नाही. कोअर सगळीकडे सारखा तापलेला आणि वरच्या-खालच्या होजमध्ये जेमतेम तीन-चार अंशांचा फरक. पाणी सगळ्या नळ्यांतून फिरत होतं, पण उष्णता बाहेर पडत नव्हती. आमचा रेडिएटर तिथेच निर्दोष सुटला, पण माझ्याशिवाय ते बघायला कुणी नव्हतं.

मग भागीदाराने गेजचे होज बॉनेटच्या फटीतून बाहेर काढले, गेज काचेवर वायपरखाली अडकवला आणि गाडी चालवायला लावली. उभ्या गाडीत गर्दीच्या वेळी हाय साइड चढली तर नवल नाही. पण ती ताशी चाळीसच्या वेगातही चढत होती. वारा लागूनही. हायवेला वेग वाढवला की उतरायची. हा एवढंच बोलला, "वाऱ्याला कुणीतरी उलट ढकलतंय."

परत आलो. एसी लावला, फॅन सुरू झाला, आणि त्याने वर्तमानपत्राचा कागद ग्रिलसमोर धरला. कागद आत चिकटायला हवा. तो उडून त्याच्या छातीवर आला.

फॅन मागून ओढणारा होता. पुढे लावताना कुणी दिशाच बदलली नाही, त्यामुळे तो इंजिनाची गरम हवा रेडिएटर-कंडेन्सरमधून ओढून पुढे फेकत होता. आणि फॅनची वायर कॉम्प्रेसरच्या क्लचवरून घेतलेली, म्हणजे एसी लावला की फॅन हमखास चालू आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडण सुरू. एसी बंद केला की फॅन गप्प, गाडी ठीक. सगळ्यांनी दोष एसीला आणि आम्हाला दिला.

वायरी उलटवल्याने काम अर्धंच झालं. पात्यांचा वळसाही दिशेप्रमाणे असतो, म्हणून पंखा मोटरवरून काढून पालटून बसवला. मीटर लावला तर बॅटरीवर १३.९ व्होल्ट आणि फॅनच्या टोकाला ११च्या आसपास. बारीक वायर, रिले नाही. जाड वायर, बॅटरीवरून थेट सप्लाय, रिले (जास्त करंट चालू-बंद करणारा स्विच), स्वतंत्र फ्यूज आणि स्वच्छ अर्थ दिली. कोअरच्या कडांच्या फटी फोमने बंद केल्या, नाहीतर हवा सोपी वाट शोधते. हाय साइड साडेतीनशे पीएसआयच्या पुढे जायची, ती अडीचशेच्या आत आली. काटा मध्यावर.

गाडीमालकाने ज्या ज्या ठिकाणी आमची बदनामी ऐकली होती तिथे जाऊन कागदाची गोष्ट सांगितली. हळूहळू व्हॅनवाले परतले. त्यानंतरची वर्षं बरी गेली.

एक सांगून ठेवतो, कुणी विचारलेलं नसलं तरी. गाडी उभी असताना तापते तर हवेकडे बघा: फॅन, श्राउड (फॅनभोवतीचं आवरण), वायरिंग. हायवेला तापते तर पाण्याकडे बघा: चोंदलेला कोअर, पंप, आत चिपकणारा खालचा होज. आणि गाडी खाली बसवताना बंपरखालची प्लास्टिकची पट्टी काढली असेल तर तीही आठवा. ती पट्टी रेडिएटरमधून हवा ओढायला मदत करते. मोठा रेडिएटर हा सगळ्यात शेवटचा उपाय. हे मी रेडिएटर विकणारा सांगतोय.

ते गॅरेज अजून आहे. तापणाऱ्या गाड्या तिथून आमच्याकडेच येतात, फक्त मालकाला सांगितलं जातं की गाडी वॉशिंगला गेली आहे. बिल त्यांच्याच नावाने काढतो, त्यावर 'फॅनची दिशा तपासली' अशी एक ओळ प्रत्येक वेळी घालतो, आणि तिचे पैसे लावतो.