अंबाजोगाईला ताजी फुले पाठवताना

मागच्या मार्गशीर्षात माझ्या थोरल्या मावशीला ७५ वर्षे पूर्ण झाली. ती अंबाजोगाईला राहते, मी ठाण्याला. त्या आठवड्यात मला रजा मिळणे शक्य नव्हते, आणि साडी किंवा मिठाई तर तिला कोणीही पाठवले असते. म्हणून वाढदिवसाच्या सकाळी तिच्या हातात ताज्या फुलांचा गुच्छ पडावा, असे मी ठरवले. मुंबई-पुण्यात हे काम पाच मिनिटांचे आहे. तालुक्याच्या गावी ते कसे जमवावे लागते, हे मला त्या निमित्ताने नीट कळले, आणि अनेकांचे आईवडील, मावश्या, जुने शिक्षक अशाच गावांत राहत असल्यामुळे ते सविस्तर लिहावेसे वाटले.

सुरुवात मी फुले आणि भेटवस्तू पोहोचवणाऱ्या एका संकेतस्थळापासून केली. मावशीच्या घराचा पिनकोड टाकला, तो स्वीकारला गेला, डच गुलाब आणि जरबेरा यांचा एक देखणा गुच्छ निवडून मी पैसेही भरले. वाढदिवसाला साधारण आठवडा उरला असताना तिकडून फोन आला की, त्या भागात ताजी फुले देता येणार नाहीत, हवे असल्यास चॉकलेटचा डबा किंवा कापडी फुले कुरियरने पाठवू. मी खोदून विचारले तेव्हा उलगडा झाला. पिनकोड स्वीकारला गेला होता तो कुरियरच्या भरवशावर, आणि फुलांची ऑर्डर त्यांनी लातूरच्या एका दुकानाकडे सरकवली होती. एका गुच्छासाठी ५०-६० किलोमीटर माणूस पाठवणे त्या दुकानदाराला परवडणारे नव्हते, आणि त्यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. पैसे यथावकाश परत मिळाले.

या व्यवसायाची मूळ रचना समजून घेतली की अडचण कुठे आहे ते लक्षात येते. दूरच्या माणसाला फुले पाठवायची म्हणजे फुलांनी प्रवास करायचा, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात प्रवास करते ती ऑर्डर. अमेरिकेतील फुलविक्रेत्यांनी १९१० साली एकत्र येऊन तारेने एकमेकांकडे ऑर्डर पाठवण्याची संघटना उभी केली, तेव्हापासून ही पद्धत रुळली आहे. तारेच्या जागी संकेतस्थळ आले, पण शेवटच्या टोकाला कात्री आणि दोरा घेऊन बसलेला स्थानिक फुलवाला लागतोच. आपण भरलेल्या रकमेतून मधल्या कंपनीचा वाटा वजा होतो आणि उरलेल्या पैशांत त्याला फुले, बांधणी आणि पोहोचवणे हे सगळे बसवावे लागते. ज्या गावात असा फुलवाला त्या साखळीत जोडलेला नाही, तिथे संकेतस्थळावरचे छायाचित्र कितीही सुंदर असले तरी ते छायाचित्रच राहते.

मग मी पहाटे दादरच्या फुलबाजारात गेले. इकडून फुले घेऊन रात्रीच्या खासगी बसने पाठवावीत, असा माझा विचार होता. तिथल्या ज्या विक्रेत्याकडे मी चौकशी केली, त्याने हातातले काम थांबवून मला समजावून सांगितले. गुलाबाची वीस काड्यांची जुडी जाड कागदात घट्ट गुंडाळलेली असते, जरबेऱ्याच्या प्रत्येक फुलावर प्लॅस्टिकची छोटी टोपी असते, आणि असा माल खोक्यात आडवा भरून रात्रभर प्रवास करू शकतो. पण बांधून तयार झालेला गुच्छ बसच्या डिकीतल्या उकाड्यात आणि धक्क्यांत सकाळपर्यंत टिकत नाही. सुटी फुले पाठवली तर पहाटे ती उतरवून घ्यायला, पाण्यात ठेवायला आणि बांधायला तिथे जाणकार माणूस हवाच. "तसा माणूस मिळाला तर मग इथून फुलं कशाला पाठवता?" असे तो म्हणाला. त्याला स्वतःचा माल विकता आला असता. तरीही त्याने खरे ते सांगितले, याबद्दल मला त्याच्याविषयी आदर वाटतो.

माणूस शोधण्याची माझी युक्ती पुढे अनेकांच्या उपयोगी पडली. तालुक्याच्या गावात 'बुके शॉप' शोधत बसू नये, कारण ते बहुधा नसतेच. मात्र शाळेतला निरोप समारंभ, बँकेतली निवृत्ती, नगरपरिषदेचा कार्यक्रम, कुठलाही सत्कार शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छाशिवाय होत नाही, तेव्हा ते गुच्छ गावात कोणीतरी बांधत असतेच. मी मावशीच्या घराजवळच्या औषधाच्या दुकानात फोन करून एवढेच विचारले की, शाळेच्या कार्यक्रमांना गुच्छ कोण देते. लगेच दोन नावे मिळाली. एक लग्नाचे स्टेज आणि नवरदेवाची गाडी सजवणारे मंडपवाले, आणि दुसरे योगेश्वरी देवीच्या मंदिराजवळ हार-फुलांची गादी असलेले काका. मंडपवाल्यांकडे जरबेरा आणि ऑर्किड असते, पण ते लग्नाच्या तारखांनाच येते. त्या दिवशी गावात मोठे लग्न नव्हते. म्हणून मी मंदिराजवळच्या काकांना फोन लावला.

"सत्काराचा पाहिजे का, ताई?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. सत्काराचा गुच्छ म्हणजे एका बाजूने पाहायचा, चकचकीत कागदात गुंडाळलेला, पाच-सहा फुलांवर चमकी मारलेला. तो हातात द्यायचा, फोटो काढायचा आणि टेबलावर ठेवायचा, एवढाच त्याचा उपयोग असतो. मला घरात पाण्यात ठेवला तर चार-पाच दिवस टिकेल असा गुच्छ हवा आहे, चमकी आणि कागद नकोत, हे मी सांगितल्यावर ते क्षणभर थांबले आणि मग त्यांनी खरी अडचण मांडली. हारासाठीची फुले सुटी येतात आणि किलोवर विकली जातात. शेतकरी झेंडू, शेवंती, गलांडा खुडून आणतो, त्यांना दांडी नसते. गुच्छाला हातभर दांडी लागते, आणि गावात सकाळी येणाऱ्या फुलांच्या ढिगात तशी दांडी असलेले फूल शोधूनही सापडत नाही. फुलांनी भरलेल्या गावात गुच्छ का मिळत नाही, याचे उत्तर मला तिथे मिळाले.

मार्ग काकांनीच काढला. त्यांना रोज शेवंती देणारा शेतकरी जवळच्याच एका गावातला होता. त्याला आदल्या दिवशी सांगून पिवळ्या आणि पांढऱ्या शेवंतीच्या फांद्या दांड्यासकट, संध्याकाळी ऊन उतरल्यावर कापून, रात्रभर बादलीत पाण्यात ठेवून सकाळी आणायला लावायच्या, असे ठरले. त्याचे थोडे नुकसान होते, कारण फांदी कापली की तिच्यावरच्या कळ्याही जातात. म्हणून त्याला किलोच्या भावापेक्षा जास्त पैसे द्यायचे मी आनंदाने कबूल केले. थंडीत निशिगंधाची आवक कमी असते, तरी सात-आठ काड्या मिळतील असे ते म्हणाले. निशिगंधाची फुले खालून वर उमलत जातात, तेव्हा फक्त खालची दोन-तीन उमललेली आणि वरच्या कळ्या टपोऱ्या असलेल्या काड्या निवडायच्या, म्हणजे पुढचे काही दिवस नवीन फूल उमलत राहते. गावठी गुलाब वासासाठी हवेच होते, पण ते एका दिवसात पाकळ्या टाकतात, म्हणून अर्धवट उमललेल्या मोजक्या कळ्याच घ्यायच्या ठरल्या. हिरवळीसाठी त्यांनी नेचाची पाने सुचवली. मी मरवा मागितला. मावशीच्या परसात पूर्वी मरव्याचा वाफा होता आणि तिच्या वेणीत तो कायम असायचा. काकांना ही कल्पना इतकी आवडली की मरवा आपण आपल्या घरचाच देऊ, असे ते म्हणाले.

त्यांनी एक सूचना केली ती मात्र मी मानली नाही. टोपलीत फुलांबरोबर केळी, सफरचंदे लावून द्यावीत, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते दिसतेही छान. पण पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि त्याने जवळची फुले लवकर कोमेजतात, म्हणून फळे वेगळी पाठवायची असतील तर पाठवावीत, फुलांच्या शेजारी ठेवू नयेत.

दिवस ठरवण्यात मात्र फार काळजी घ्यावी लागली. मार्गशीर्षात अंबाजोगाईला योगेश्वरीचा नवरात्रोत्सव असतो आणि तो पौर्णिमेला संपतो. त्या दिवसांत गावात येणारे जवळजवळ प्रत्येक फूल देवीच्या चरणी जाते, आणि ते तसेच असायला हवे. त्यात मार्गशीर्षातले गुरुवार, घरोघरी महालक्ष्मीचे व्रत, म्हणजे बुधवारी संध्याकाळपासून फुलांचे भाव चढलेले. मावशीचा वाढदिवस सुदैवाने उत्सवानंतर आणि गुरुवार टळून आला होता. तो उत्सवात आला असता, तर काकांना या कामासाठी सवड नव्हती, हे त्यांनी आधीच स्पष्ट केले होते. ज्या गावात फुले पाठवायची, त्या गावाचे देव, जत्रा आणि बाजाराचा वार आधी माहीत करून घ्यावेत, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते.

पत्ता सांगणे हे आणखी एक काम. कागदावरचा घर क्रमांक तिथे फारसा उपयोगी नसतो. कोणत्या चौकातून कुठे वळायचे, दारासमोर काय आहे, फाटकाला कडी कोणत्या बाजूने आहे, हे सांगावे लागते. मी घराचे छायाचित्र आणि नकाशावरची खूण काकांच्या मुलाला व्हॉट्सॲपवर पाठवली. मावशीचा फोन ती अंघोळीला किंवा पूजेला बसली की वाजत राहतो, म्हणून शेजारच्या काकूंनाही विश्वासात घेतले. साडेनऊ ते साडेदहा ही वेळ दिली, कारण तोपर्यंत पूजा आटोपलेली असते आणि मावशी दुपारच्या विश्रांतीला गेलेली नसते. शुभेच्छांचे चार शब्द मी हाताने लिहून त्याचे छायाचित्र पाठवले आणि त्या मुलाने ते झेरॉक्सच्या दुकानात जाड कागदावर छापून घेतले.

पैशांचे बोलणे काकांनी शेवटपर्यंत टाळले. "आधी पोचू द्या, मग बघू" असे ते म्हणत होते. मी मात्र सगळी रक्कम आदल्या दिवशीच यूपीआयने पाठवली, कारण दांड्यासकट कापलेली शेवंती त्यांना दुसऱ्या कुणाला हारासाठी विकता येणार नव्हती आणि ती जोखीम त्यांच्या डोक्यावर ठेवणे मला बरे वाटले नाही. गुच्छाचे ७०० आणि घरी पोहोचवण्याचे १०० रुपये, असे ८०० रुपये झाले. संकेतस्थळावर मी याच्या जवळजवळ दुप्पट भरले होते.

वाढदिवसाच्या सकाळी आधी गुच्छाचे छायाचित्र आले. शेवंती चहूबाजूंनी सारखी लावलेली, मधून निशिगंधाच्या काड्या वर आलेल्या, गुलाबाच्या कळ्या खालच्या अंगाला आणि कडेने मरवा. दांड्या सुतळीने बांधून टोकांना ओला कापूस गुंडाळला होता. हारवाल्या माणसाचा हात दोऱ्यावर किती पक्का असतो, ते त्या बांधणीत दिसत होते. पाऊण तासाने मावशीचा फोन आला. "अगं, हा मरवा कुठून मिळाला तुला?" एवढेच ती पहिल्यांदा म्हणाली. मग मी तिला दांड्यांची टोके तिरकी कापायला, पाण्याखाली जातील ती पाने काढून टाकायला आणि पाणी रोज बदलायला सांगितले. तिने एक गुलाब देवापुढे ठेवला आणि बाकीचा गुच्छ पितळी तांब्यात घालून बैठकीच्या खोलीत ठेवला. गुलाब दुसऱ्या दिवशी गळले, निशिगंध चार दिवस उमलत राहिला आणि शेवंती आठवडा उलटला तरी ताजी होती.

त्यानंतर माझ्या मावसभावंडांनीही काकांकडून फुले मागवली. मे महिन्यात मात्र वेगळा विचार करावा लागतो. मराठवाड्यात पारा ४० अंशांच्या वर असतो, शेवंती नसते आणि दुपारी दुचाकीवरून नेलेले फूल दारात पोहोचेपर्यंत मान टाकते. अशा वेळी काका मोगऱ्याचे गजरे आणि ओल्या कापडात गुंडाळलेला निशिगंध सकाळी आठच्या आत देतात, आणि उन्हाळ्यात तेच योग्य आहे. जरबेऱ्याचा आग्रह धरू नये. दांड्यांची फुले हवी असतील तर त्यांना किमान तीन दिवस आधी कळवावे लागते, आणि मार्गशीर्षात व श्रावणात तर त्याहूनही आधी.