वाणाच्या पोटलीतलं बी: हेलेबोरचा तिसरा हिवाळा

4 फेब्रुवारी 2025, रथसप्तमी. सकाळी चहाचा कप हातात घेऊन मागचं दार उघडलं, तर कुंपणाकडच्या वाफ्यात 7 नंबरच्या रोपाची कळी उमललेली. जून 2022 मध्ये मी स्वतः धरलेल्या बियांपासून आलेलं हे पहिलं फूल. चहा तसाच खिडकीत राहिला.

हेलेबोर म्हणजे ऐन थंडीत, सावलीत फुलणारं झाड. त्याचं फूल खाली मान घालून असतं, उभ्याने बघून काही कळत नाही. ओल्या फरशीवर गुडघा टेकला आणि दोन बोटांनी त्याची हनुवटी वर केली. आत साईसारखा रंग, त्यावर मधोमध डाळिंबी ठिपके, देठाकडे दाट आणि कडेला विरळ होत गेलेले. मध्ये हिरवट मकरंदकोषांचं कडं, प्रत्येकाच्या तोंडाशी एक गडद रेघ. आईच्या बाजूने पांढरा ठिपकेवाला, बापाच्या बाजूने पाटीच्या रंगाचा काळसर. दोघांचं थोडं थोडं उतरलंय.

ज्यांनी मागच्या नोंदी वाचलेल्या नाहीत त्यांच्यासाठी: मी बर्मिंगहॅममध्ये राहते. मागची बाग उत्तरेकडे, आठ मीटर लांब, पाच मीटर रुंद. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत घराची सावली तिथून हलत नाही, आणि उन्हाळ्यात शेजारच्या सिकॅमोरची सावली येते. खाली चिकणमाती, पावसाळी दिवसांत बुटाला मणभर चिकटणारी. पहिली दोन वर्षं इथे गुलाब लावून बघितले, ते नुसते काड्या झाले. मग किंग्सविनफर्डजवळच्या ॲशवुड नर्सरीत फेब्रुवारीतली हेलेबोर बघितली आणि त्याच दिवशी तीन रोपं घेऊन आले. जॉन मॅसी यांनी उभी केलेली ही नर्सरी हेलेबोरच्या संकरासाठी जगभर नावाजलेली आहे. बर्फाळ वाऱ्यात, आजूबाजूला एक हिरवं पान नसताना, पिवळी, जांभळी, जवळजवळ काळी फुलं रांगेने उभी होती. त्या दिवसापासून हा नाद लागला.

आता बियांची गोष्ट, कारण बियांपासून रोपं कशी केली, हेच यंदा सगळ्यांनी विचारलंय.

पहिला प्रयत्न 2020 चा. पाकिटातलं वाळलेलं बी वसंतात पेरलं, वर्षभर ट्रे सांभाळला, एकही उगवलं नाही. हेलेबोरचं बी वाळलं की गाढ झोपतं. झाडावरून पडताना प्रत्येक काळ्या बियाला एक पांढरा तेलकट कण चिकटलेला असतो. मुंग्या त्यासाठी बी ओढून नेतात आणि कण खाऊन बी टाकून देतात. म्हणजे निसर्गात ते जूनमध्येच ओल्या मातीत जातं, आधी उन्हाळ्याची ऊब आणि मग हिवाळ्याची थंडी मिळते, तेव्हा कुठे फुटतं. हा क्रम चुकवून चालत नाही.

म्हणून 2022 च्या फेब्रुवारीत पांढऱ्या ठिपकेवालीची उमलू घातलेली कळी हलकेच उघडली, परागकोष पिकायच्या आत चिमट्याने काढले, आणि काळसरचे पराग बारीक ब्रशने लावले. या झाडात स्त्रीकेसर आधी तयार होतात, पराग नंतर सुटतात, त्यामुळे हे जमतं. देठाला लाल लोकरीचा धागा बांधला. मे महिन्यात शेंगा फुगल्या, आणि आता त्या कधी फुटतील याची धास्ती. एका दुपारी फुटल्या की संध्याकाळपर्यंत बी मातीत. तेव्हा कपाटातली जाळीची पोटली आठवली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी वाण म्हणून त्यात बदाम दिले होते. शेंगांवर चढवली, नाडी ओढली. हवा खेळती राहते, पाऊस आत साचत नाही, आणि बी आत दिसतं. तेव्हापासून मंडळातल्या सगळ्या मैत्रिणी हळदीकुंकवानंतर रिकाम्या पोटल्या मला आणून देतात.

11 जून 2022 ला 34 बिया पेरल्या, वर बारीक खडी. ट्रे पाण्याच्या पिंपामागच्या सावलीत. त्याच जुलैच्या 19 तारखेला कोनिंग्सबीला 40.3 अंश तापमान नोंदलं गेलं. इंग्लंडमध्ये असलं काही आम्ही पाहिलं नव्हतं. त्या आठवड्यात ट्रेवर ओलं गोणपाट टाकलं होतं आणि दिवसातून तीनदा झारीने शिंपडत होते. डिसेंबरात चांगली थंडी पडली, आणि जानेवारी 2023 मध्ये खडीतून आकड्यासारखे वाकलेले हिरवे दांडे वर आले. 27 रोपं! पहिलं खरं पान, ते बोटं पसरलेल्या पंज्यासारखं, आलं की एकेक रोप लहान कुंडीत. त्यांतली 12 ठेवली, बाकीची वाटली. सप्टेंबर 2024 मध्ये बाराही वाफ्यात बसवली.

यंदा बारापैकी पाचांना फुलं आली. तीन मळकट गुलाबी, खरं तर मला न आवडणारी. एक गडद जांभळं, पण फूल पानांत दडलेलं. आणि 7 नंबर. मळकट तिघांना अजून उपटणार नाही. पहिल्या वर्षीच्या फुलावरून निकाल द्यायचा नाही, दुसऱ्या हंगामात आकार आणि रंग दोन्ही सुधारलेले मी पाहिले आहेत.

कुंड्यांचा हिशेब मात्र इतका गोड नाही. 2023-24 चा हिवाळा पावसाने खाल्ला आणि कुंडीतले दोन नायगर गेले. हेलेबोरस नायगर, म्हणजे इथे ज्याला ख्रिसमस रोझ म्हणतात ते, आल्प्सच्या चुनखडीतलं झाड. त्याला निचरा हवाच. चूक माझी: कुंड्यांखाली बशा राहिल्या होत्या. ओढून पाहिलं तर गड्डा हातात आला, खालची मुळं काळी आणि मऊ, कुजक्या बटाट्याचा वास. सावलीने हेलेबोर मरत नाही, साचलेल्या पाण्याने मरतं. हे मी वाचलं होतं, पण हाताला तो वास लागेपर्यंत मनावर घेतलं नव्हतं.

आता कुंडी किमान 35 सेंटीमीटर खोल, कारण मुळं सरळ खाली जातात. मिश्रण: जॉन इनिस नंबर 3 (इथे मिळणारी तयार कुंडीची माती) दोन भाग, पानांचं कुजलेलं खत एक भाग, जाड खडी एक भाग. कुंडी विटांच्या तुकड्यांवर उचललेली. नायगर लावताना एक मूठ चुनखडीचा चुरा. संकरित हेलेबोर, ज्यांना लेंटन रोझ म्हणतात, ती चिकणमातीतही चालतात, पण खड्डा खोल खणून पानांचं खत भरपूर घालावं लागतं. आणि उन्हाळ्यात पाणी विसरू नका. पुढच्या फुलांची तयारी उन्हाळ्याच्या शेवटीच जमिनीखाली सुरू होते. ऑगस्टमध्ये कुंडी कोरडी पडली तर फेब्रुवारीत कळ्या कमी.

एका कुंडीत हुमणीसारखी, पण बिनपायाची पांढरी अळी सापडली, सोंडकिड्याची. सप्टेंबरमध्ये माती ऊबदार असताना सूत्रकृमींचं पाणी सोडलं, सुटका झाली.

डिसेंबर 2024 मध्ये सगळ्या संकरित रोपांची जुनी पानं जमिनीलगत कापली. कळ्या उघड्या पडतात आणि पानांवरचा काळ्या चकत्यांचा रोग नव्या वाढीवर जात नाही. कापलेली पानं कंपोस्टात नाही, कचऱ्यात. हातमोजे घालूनच, कारण रस कातडीला लागला की चुणचुणतं, आणि झाड सगळंच विषारी आहे. नवीन लोकांसाठी एक सावधगिरी: फिटिडस आणि कोर्सिकन हेलेबोरवर हा प्रयोग करू नका. त्यांची फुलं पानांच्या दांड्यांच्याच टोकाला येतात. तिथे कात्री लावायची ती फुलं संपल्यावर.

याच साफसफाईत, गेल्या वर्षी एका दुकानातून आणलेल्या रोपाच्या नव्या पानांवर शिरांना धरून काळ्या रेघा दिसल्या, वाढ खुरटलेली. 'ब्लॅक डेथ' या हेलेबोरच्या रोगाची लक्षणं. त्याचा विषाणू माव्यामार्फत पसरतो असं मानतात, औषध नाही. मुळासकट काढून पिशवीत बांधून टाकलं. शेजारच्या रोपांवर रोज सकाळी बोट फिरवून मावा बघतेय. अजून तरी स्वच्छ आहेत.

जानेवारीतला एक प्रसंग लिहायचाच आहे. रात्री उणे सहा झालं. सकाळी बघते तर सगळे दांडे जमिनीवर आडवे, शिजवलेल्या पालकासारखे, कळ्यांवर हिम. साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल होता, तिला दाखवलं. "अगं, गेलं की सगळं! घरात का नाही आणलंस?" मी म्हटलं, थांब, अकरानंतर परत लाव. या झाडात गोठण्याच्या वेळी पेशींतलं पाणी बाहेर सरकतं, ताठपणा जातो, म्हणून पेशी फुटत नाहीत. साडेअकराला दांडे अर्धे उठले होते, एकला सरळ उभे. आईने तेव्हापासून चारदा फोन करून "ती उठणारी झाडं" विचारलीत. मामाला मात्र नाव ऐकूनच ओळख पटली. त्याच्या होमिओपॅथीच्या पेटीत हेलेबोरसच्या गोळ्यांची बाटली आहे, आणि होमिओपॅथीचा जनक हानेमानने 1812 मध्ये लाइपझिगला प्रबंध लिहिला तो प्राचीन वैद्यांच्या हेलेबोर-उपचारावरच, हे त्याने मला सांगितलं. झाड मात्र त्याने फोनवरच पहिल्यांदा पाहिलं.

पुण्या-साताऱ्याकडून बी मागणाऱ्यांना: देत नाही असं नाही, पण उगवणार नाही. कित्येक आठवड्यांची सलग थंडी लागते, ती महाबळेश्वरलाही मिळत नाही.

20 मार्च. 7 नंबरचं पहिलं फूल अजून आहे. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती निदलं असतात, खऱ्या पाकळ्यांचे मकरंदकोष झालेले असतात. म्हणून फलन झाल्यावरही ती गळत नाहीत, हळूहळू हिरवट होतात. ठिपके आता विटकरी दिसतात. त्या झाडाची दुसरी दोन फुलं काढून पितळेच्या तांब्यात नाही, उथळ वाडग्यात पाण्यावर तरंगत ठेवली, तोंड वर करून. देठासकट फुलदाणीत ठेवली तर दुसऱ्या दिवशी माना टाकतात.

7 नंबरवर पाटी रंगाचे पराग पुन्हा लावले आहेत, यंदा धागा पिवळा. शेंगा तीन, बोटाच्या पेराएवढ्या. पोटल्या धुऊन वाळत घातल्यात.