आल्यासारखं काय पुरलंयस गं?

परवा आत्ती परसात आल्या, कुंडी बघितली आणि म्हणाल्या, "हे आल्यासारखं काय पुरलंयस गं? लावलंयस की वाळत टाकलंयस?" म्हटलं आत्ती, ते आयरिस, फुलझाड आहे, त्याच्या गड्ड्याची पाठ उन्हात तापली पाहिजे, म्हणून अर्धं वर ठेवलंय.

हे बियर्डेड आयरिस, खालच्या पाकळ्यांवर केसाळ पट्टा असतो ते. चार वर्षांमागं हिमाचलहून कुरियरनं सहा गड्डे मागवले आणि आपण सगळं लावतो तसं जूनच्या तोंडाला लावून टाकले, तिथंच चुकलं. आमच्या बेळगावजवळच्या खानापूरकडचा पाऊस माहितेय ना, जुलैत एक पान नुसतं धरलं तर हातात आलं, गड्डा दाबला तर आत पेज झालेली आणि वास असा की दोनदा हात धुतले तरी जाईना. चार गेले. दोन वाचले ते पत्र्याखाली कुंडीत ठेवले, आता पावसाळाभर पाणी नाही आणि नवीन लावायचं ते ऑक्टोबरात. पण खरं सांगते, त्याला थंडीत काही आठवडे कडक गारठा लागतो, आणि बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर, डिसेंबर-जानेवारीत रात्री 13-14 डिग्री, आपल्याला स्वेटर लागतो पण त्याला ती थंडी वाटतच नाही. पानं झकास येतात, फुलाचा दांडा चार वर्षांत एकदाच आला.

म्हणून माझं म्हणणं आहे, आपल्याकडं लावायचं तर लुईझियाना आयरिस लावा. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या मुखाकडच्या दलदलीतलं ते, पावसाला भीत नाही, उलट पाणी साचलं तर खूश. विहिरीचं पाणी सांडतं तिथं अळूशेजारी लावलंय, आपली तांबडी माती जरा आंबट असते ती त्याला मानवते, शेणखत भरपूर घालते, साबणाचं पाणी मात्र तिकडं सोडत नाही. दुसऱ्याच वर्षी फेब्रुवारीअखेर फुललं, गडद जांभळं, पाकळीच्या बुडाला पिवळी रेघ, मी कितीतरी वेळ चिखलातच उभी होते. याचं सगळं बियर्डेडच्या उलट, गड्डा उघडा पडला तर उन्हानं भाजतो, त्यावर पालापाचोळा पाहिजेच. मे महिन्यात पानं पिवळी पडतात तेव्हा मेलं म्हणून उपटू नका, पावसात परत उठतं.

फणसाखाली सावलीत वॉकिंग आयरिस आहे, फूल एकाच दिवसाचं, सकाळी पांढऱ्या पाकळ्यांत निळी वळलेली, संध्याकाळी पिळलेल्या ओल्या फडक्यासारखं. नंतर दांडा वाकून टेकतो आणि टोकाचं पिल्लू तिथंच रुजतं, तसं करत ते पायरीपर्यंत आलंय.

बांधावर कोरड्यात डायटीस, बेंगळुरूत रस्त्याकडेला दिसतं ते, आफ्रिकेतलं आणि आयरिसचं चुलत भावंड. पांढऱ्या जातीचा दांडा कापू नका, त्याच दांड्यावर परत फुलं येतात.

आणि गड्डे गुरांच्या तोंडाला लागू देऊ नका, विषारी असतात.

काल बघते तर आत्तींनी मायेनं बियर्डेडच्या गड्ड्यावर पालापाचोळा पसरलेला. त्या आत गेल्यावर हळूच काढला आणि लुईझियानाच्या बुडात घातला.