ओरछाच्या छत्र्यांवर गिधाडांची वीण

लांब चोचीचे गिधाड आपल्याकडे सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करते, पण पायथ्यावरून ते बहुधा ठिपक्याएवढेच दिसते. मध्य प्रदेशातील ओरछा येथे हाच अतिसंकटग्रस्त पक्षी बेतवा नदीकाठच्या बुंदेला राजांच्या छत्र्यांवर, म्हणजे समाधी-स्मारकांवर, उंचावरच्या कोनाड्यांत आणि छज्जांवर अंडी घालतो, त्यामुळे पलीकडच्या काठावर दुर्बीण घेऊन बसले की घरट्यातला सारा व्यवहार पाहता येतो. आम्ही फेब्रुवारीत तेवढ्यासाठीच गेलो होतो.

घरटे शोधायला दगडावरून ओघळलेली विष्ठेची पांढरी पट्टी पुरते. तिच्या वरच्या टोकाला काटक्यांचा विस्कटलेला थर असतो. जुनेच घरटे अनेकदा डागडुजी करून पुन्हा वापरले जाते. आम्ही पाहिलेल्या एका कोनाड्यात पांढुरक्या लवीतून पिसे फुटू लागलेले पिल्लू होते आणि शेजारी एक प्रौढ पक्षी पहारा देत होता. ऊन चढून दुसरा परतला, तेव्हा त्याच्या पायांत काहीच नव्हते, कारण गिधाडाच्या पायांना गरुडासारखी पकड नसते. त्याने मान वाकवली, पिल्लाने त्याच्या चोचीशी धडका दिल्या आणि मग गळ्याच्या पिशवीतून ओकलेले मांस पिल्लाने अधाशासारखे गिळले. पाहायला हे किळसवाणे वाटेल. आम्हाला तरी तिथून हलवेना.

नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास मादी एकच अंडे घालते, नर-मादी ते आळीपाळीने सुमारे ५० दिवस उबवतात आणि त्यानंतर पिल्लू तीन महिन्यांहून अधिक काळ घरट्यातच राहते. ते स्वतः वीण करण्याजोगे व्हायला आणखी पाचेक वर्षे लागतात. गुरांना दिल्या जात असलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकामुळे, म्हणजे ते औषध शरीरात असलेले मृत जनावर खाऊन मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे, या गिधाडांची संख्या कोसळली. त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ मध्ये बंदी आली, तरी इतक्या संथ विणीच्या पक्ष्याची संख्या लवकर सावरणार नाही, हे घरट्यासमोर बसल्यावर नीट उमगते. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक या गिधाडांना तशाच घातक औषधांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी घालावी लागली.

पिल्ले पाहायची असतील तर जानेवारीअखेर ते मार्चमध्य हा काळ निवडावा. छत्रीचे जिने चढून घरट्याजवळ जाऊ नये आणि ड्रोन तर नेऊच नये; बिथरलेला पक्षी उडाला की अंडे किंवा लहान पिल्लू उघड्यावर पडते. कोणी फोटोसाठी पक्षी उडवून दाखवतो म्हणाला, तर त्याला स्पष्ट नकार द्यावा. बेतवेवरचा पूल अरुंद असून त्यावरून वाहने जातात, म्हणून तिपाई पलीकडच्या खडकांवर लावलेली बरी. त्याच परिसरात पांढरे गिधाडही दिसते. आकाराने बरेच लहान आणि पिवळ्या चेहऱ्याचे असल्याने ते सहज ओळखू येते.

मुंबईहून पंजाब मेल आणि पुण्याहून झेलम एक्सप्रेस झाशीला थांबते. तिथून ओरछा रस्त्याने सुमारे १६ किलोमीटर आहे. मुक्काम मात्र झाशीत न करता ओरछातच करावा, कारण ऊन तापले की बरेचसे प्रौढ पक्षी अन्नाच्या शोधात निघून जातात.