चाळीत टिकलेला कांदा
दिवाळीच्या सुमारास कांदा साठवायची चाळ रिकामी करताना आई अजूनही एकेक कांदा हातात घेऊन मान दाबून पाहते; बारीक मानेचा, एका डोळ्याचा म्हणजे आत एकच गाभा असलेला आणि कोंब न फुटलेला असेल, तोच डेंगळ्यासाठी, म्हणजे पुन्हा लावून फुलोऱ्यातून बी धरण्यासाठी, बाजूला ठेवला जातो. एप्रिलमध्ये काढलेला जो कांदा निफाडचा दमट पावसाळा सोसून टिकला, त्याची परीक्षा इथल्या हवेनेच घेतलेली असते. खरिपाचा एन-५३ आणि रब्बीचा एन-२-४-१ हे वाणही नाशिकच्या स्थानिक कांद्यातूनच निवडले गेले. घरी बी धरण्यात अडचण आहे ती परपरागीकरणाची, म्हणजे एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर जाण्याची. मधमाश्यांना बांध कळत नाही, म्हणून दोन वाणांच्या डेंगळ्यांत निदान १,००० मीटर अंतर हवे. दोन एकरांच्या शेतकऱ्याने ते कुठून आणायचे? गेल्या वर्षी आमच्या घरच्या बियाण्यातून मधूनच गडद लाल कांदे निघाले, तेव्हा आई शेजारच्या शेताकडे बघून नुसती हसली.